कार्बनचं हँडल

वाटूरच्या भुजंगची पोरगी बेबीनंदा दोन सख्ख्या भावांच्या मधे सापडली आणि तिथंच सगळा घोळ झाला. बाप असा, की एकदा ‘न्हाई’ म्हणाला की ब्रह्मदेव दारात आला तरी ‘हो’ म्हणायचा नाही. काका असा, की वस्तू एक द्यायचा आणि तिच्यासोबत दहा वस्तूंचं भाषण द्यायचा. दोघंही वाईट नव्हते हो. वाईट असते तर बरं झालं असतं, शिव्या कोणाला घालायच्या एवढं तरी पोरीला कळलं असतं.

सन दोन हजार सातची ही गोष्ट. बेबीनंदा तेव्हा अठरा वर्षांची. शाळेत असताना साध्या लेडीज सायकलवर ती जिल्ह्यात पहिली आली, तेव्हा भुजंग स्वतः जालन्याला जाऊन गेरची सायकल घेऊन आला. जाड टायरची, पुढं शॉकअप असलेली, डोंगरात चालवायची. भावकीतल्या बाया म्हणाल्या, “पोरीच्या जातीला असली सायकल?” भुजंग म्हणाला, “तुमच्या पोरांला चालवता येते का? न्हाई ना? मंग गप बसा.” असा बाप. त्या सायकलवर तो खूश होता. घरी कोणी पाहुणा आला की आधी सायकल दाखवायचा, मग पाणी विचारायचा.

कॉलेजातल्या खेळाच्या देवानंद सरांनी तिला सांगितलं, की डिसेंबरात औरंगाबादजवळच्या डोंगरात राज्याची निवड आहे. पहिल्या दोन मुलींना पुण्याच्या शिबिरात घेणार. वर्षभर तिथंच राहायचं, खायचं, सायकल शिकायची. बेबीनंदाला दुसरं काहीच नको होतं. आणि दुसरं काही टाळायचंही होतं. तिची आई, उषाबाई, हिच्या माहेरच्या ओळखीतली टेंभुर्णीची एक सोयरीक दोन वर्षांपासून दारात घुटमळत होती. उषाबाईनं सरळच सांगून टाकलं, “निवड झाली तर जाय पुण्याला, मी आडवी येत न्हाई. न्हाई झाली तर मंग मुकाट्यानं पाटावर बसायचं. किती दिवस लोकांला झुलवत ठेवावं?” भुजंगनंही मान हलवली. पोरीनंही हलवली. आपली निवड होणार नाही असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

महालक्ष्म्यांच्या सणाला पुण्याहून बद्रीनाथकाका आला, बायकोपोरासकट. भुजंगचा धाकटा भाऊ. भुजंगनं आठवीतून शाळा सोडून औत धरलं म्हणून बद्रीनाथ इंजिनिअर झाला, हे सगळ्या वाटूरला ठाऊक होतं आणि भुजंग ते कोणाला विसरूही देत नव्हता. बद्रीनाथ दर सणाला काहीतरी घेऊन यायचा. पोराचे आखूड झालेले शर्ट, रंग उडालेला टीव्ही, चालू असलेला पण त्यांना नको झालेला मिक्सर. या वेळी एका कापडात गुंडाळलेलं हँडल आणि सीटखालची दांडी आणली. त्याच्या पोरानं नवी सायकल घेतली होती, त्याच्या जुन्या सायकलचे हे भाग.

“कार्बन फायबर आहे,” बद्रीनाथ म्हणाला. “विमानात वापरतात. बेबीच्या सायकलला लावा. चढावर फरक बघा.”

भुजंगनं हँडल हातात घेतलं, वर खाली केलं. काळं कुट्ट, आणि वजन म्हणाल तर नावाला.

“ही तर तुरीची वाळकी काडी, तुराटी हाय,” तो म्हणाला. “तुराटीवर बसून कोनी डोंगर उतरतंय व्हय?”

“भाऊ, लोखंडापेक्षा मजबूत आहे हे.”

“मंग इमानालाच लाव की. माझी पोरगी जमिनीवरून चालली.”

भुजंग बाजेवर जाऊन तोंडावर टॉवेल टाकून पडला. बद्रीनाथ मग ओसरीवर पोरीला समजावत बसला. बोलणं त्याचं बराबर होतं, फक्त लांब होतं. “हे बघ बेबी, लोखंड वाकतं. वाकून सांगतं, की मला लागलंय. हे सांगत नाही. याला एकदा जोराचा मार बसला, आपटलं, तर आतून तडकतं आणि वरून काहीच दिसत नाही. तसं झालं तर विचार करायचा नाही. काढायचं आणि फेकून द्यायचं. कळलं?” बेबीनंदा म्हणाली, कळलं. टॉवेलखाली भुजंग घोरत नव्हता, पण तिकडं कोणाचं लक्ष नव्हतं.

पाहुणे गेले आणि घरात वाद सुरू झाला. लावायचं की नाही? बेबीनंदानं दुकानातल्या काट्यावर दोन्ही सामान तोलून आणलं. अर्धा किलोचा फरक.

“आर्धा किलो?” भुजंग हसला. “त्यासाठी एवढं? शर्यतीच्या दिवशी सकाळी डब्याला जाऊन ये, आर्धा किलो तिथंच कमी व्हतो.”

“बाबा!”

“मंग काय? आपलं लोखंड काय पळत न्हाई? जिल्ह्यात पहिली आल्ती तू, ते काय बद्रीच्या हँडलवर?”

तिनं देवानंद सरांना विचारलं. सर म्हणाले, “पायात दम असला की लोखंडपण पळतं बेबी. पण दोघी सारख्याच दमाच्या असल्या, तर हलकी सायकल पुढं जाते. ठरव तू.” ठरवायला काय, तिनं तर कधीच ठरवलं होतं. बापाचं ‘न्हाई’ मधे होतं. आणि ते ‘न्हाई’ काही कार्बनला नव्हतं. ते पोराच्या आखूड शर्टाला होतं, रंग उडालेल्या टीव्हीला होतं. बद्रीच्या घरचं उतरलेलं आपण अजून किती दिवस वापरायचं, हे त्याच्या पोटात होतं, आणि ते बोलून दाखवायचं तर स्वतःच लहान व्हायचं. म्हणून तो तुराटी तुराटी करत बसला.

नवरात्रात घनसावंगीकडं सरावाची एक शर्यत झाली. भुजंगही जीपनं बघायला गेला. रस्ता ओढ्यातून होता, काठ इतका उभा की सायकल उचलून चढावं लागे. घनसावंगीचीच एक पोरगी होती, बापाचा उसाचा मोठा कारभार. तिनं आपली हलकी सायकल एका हातानं खांद्यावर टाकली आणि शेळीसारखी वर गेली. बेबीनंदा दोन्ही हातांनी आपलं धूड ओढत होती. काठावर पोचेपर्यंत तिच्या तोंडाला फेस आला. तिसरी आली ती.

भुजंग घरच्या दारात उतरल्यावर म्हणाला, “बसव ते बद्रीचं.”

बेबीनंदाला खरंच वाटेना. “बाबा, खरंच?”

“आता काय स्टँपावर लिहून देऊ? जल्दी कर, मन बदलायच्या आत.”

तिनं त्याच दुपारी हँडल आणि दांडी बसवली. आणि भुजंगचं कसं, की एकदा ठरलं की मागं वळून बघायचं नाही. जुनं हँडल त्यानं फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याला दिलं आणि कडबा कापायच्या मशीनला त्याची मूठ करून घेतली. बेबीनंदा सायकल घेऊन शेतातल्या पांदीनं सुसाट गेली आणि परत आली ती हसतच. हाताखाली सायकल आहे की नाही तेच कळत नव्हतं. “आई, पाखरू झालंय गं तिचं!” असं ओरडत ती अंगणात शिरली. भुजंगनं ते ऐकलं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही बरं वाटलं.

दोन दिवसांनी खंडे नवमी. भुजंगच्या घरची रीत जुनी आहे. अवजारं धुऊन मांडायची, हळद-कुंकू लावायचं, आणि नारळ फोडायचा तो दगडावर नाही, ज्याची पूजा त्याच्याच अंगावर. औताच्या फाळावर एक, ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडी हुकावर एक. भुजंगचा बापही असंच करायचा. नारळ एका दणक्यात फुटला पाहिजे, पाणी अवजारावर सांडलं पाहिजे, म्हणजे वर्षभर ते अवजार धोका देत नाही. सायकलला आजवर नुसता झेंडूचा हार मिळायचा. नारळाच्या मानाची ती नव्हती.

त्या वर्षी भुजंगनं तिसरा नारळ आणला होता.

“आज हिचा बी मान,” तो म्हणाला. डोक्याला टोपी, कपाळाला कुंकू, चेहरा असा फुललेला की पोरीनं बापाला तसं कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. पोरीला काही उमगायच्या आत त्यानं हात वर नेला आणि नारळ घातला हँडलवर. मधापासून जरा उजव्या अंगाला. पहिल्या दणक्यात फुटला नाही. त्यानं दुसरा घातला. खच्चून. नारळ फुटला, पाणी उडालं, उषाबाईनं हात जोडले.

लोखंडावर नारळ फुटतो तेव्हा खण्ण वाजतं. हे खण्ण वाजलं नव्हतं.  बेबीनंदानं पदरानं पुसतात तसं ओढणीनं हँडल पुसलं, कुंकू बाजूला केलं. केसाएवढा एक ओरखडा होता. होता की कुंकवाची रेघ होती, देव जाणे. तिनं वर बघितलं. भुजंग खोबरं हातात घेऊन तिच्याकडंच बघत होता.

“काय बघून राह्यली?”

“काय न्हाई,” ती म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, सांगायला काय झालं होतं? तोंड होतं ना? होतं. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं तेही ऐका. बाप म्हणाला असता, नारळ सोसत नाही ती कसली वस्तू, आन तिकडं, आणि सायकल परत धूड झाली असती. किंवा बद्रीकाकाला कळलं असतं, की दिलेली चीज भाऊनं बसवल्यावर दोन दिवसांत नारळानं फोडली, आणि काकानं ते पुणंभर हसत सांगितलं असतं. महिनाभर अडून बसलेला बाप एकदाचा हसला होता, त्याच्या तोंडावर ‘तुम्ही चूक केली’ असं कसं म्हणायचं? आणि चौथी गोष्ट तिची तिलाच ठाऊक होती, की ते हलकेपण तिला सोडवत नव्हतं. तिनं एकदा काकाला फोन केला. काकूनं उचलला, काका मीटिंगमधे होते. परत काही तिनं केला नाही. हँडलवर बोटानं टकटक करून बघायची, आवाज सगळीकडं सारखाच वाटायचा. रोज पांदीनं जायची, रोज धड परत यायची. महिना-दीड महिना असा गेला, मग तिनं स्वतःला सांगितलं, की काही झालेलं नाही.

डिसेंबरातल्या त्या सकाळी औरंगाबादच्या डोंगरात भुजंगही होता, उषाबाईही होती. शेवटच्या उताराला लागताना बेबीनंदा दुसरी होती. पुढं फक्त घनसावंगीची पोरगी. मागं बरंच अंतर. काही न करता नुसती खाली आली असती तरी निवड होती. वाटेत एक बारकी उडी होती, गुडघाभरसुद्धा नाही. सायकल उडाली, चाकं टेकली, आणि हँडलचा उजवा तुकडा तिच्या मुठीत आला. ती तोंडावर पडली आणि दगडांवरून घसरत गेली. खांद्याजवळचं हाड मोडलं, हनुवटी फाटली. डोळे उघडले तेव्हा मागच्या पोरी तिच्या बाजूनं एकेक करून खाली चालल्या होत्या. त्यांचे गेर बदलल्याचे आवाज तिनं नीट ऐकले. हाडापेक्षा ते जास्त दुखलं.

बद्रीनाथ दुसऱ्या दिवशी पुण्याहून दवाखान्यात आला. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले, आणि मग तुटलेलं हँडल मागितलं. तुटलेल्या जागेवरून बोट फिरवत राहिला.

“बेबी, खरं सांग. याला आधी कुठं मार बसला होता का?”

भुजंग खाटेच्या पायथ्याशी बसून तिच्यासाठी मोसंबी सोलत होता. त्याचा हात थांबला. बेबीनंदानं तो थांबलेला हात बघितला.

“न्हाई काका.”

हात परत सोलायला लागला.

“मग तुम्ही बोल्ट आवळताना वाट लावली असणार,” बद्रीनाथ म्हणाला. “ट्रॅक्टरचे नट आवळता तसं आवळलं असेल. भाऊ, तुम्हा लोकांना चांगली वस्तू द्यायची सोयच नाही बघा.”

“आमा लोकांला?” भुजंग उठलाच. “अन् तू कोन्या लोकांतला रे बद्री? ह्याच घरातून गेल्ता ना? पोराचं वापरून झालेलं सडकं सामान आनून दिलं, माझी पोरगी जाता जाता राह्यली, अन् वरून आमालाच शानपन शिकवून राह्यला? मी पहिल्या दिवशी म्हनलं व्हतं का न्हाई, ही तुराटी हाय म्हनून?”

बद्रीनाथ पाण्याचा घोटही न घेता निघून गेला. तेव्हापासून दोन्ही घरांचं येणंजाणं बंद.

आणि मग सुरू झाली भुजंगची कथा. वाटूर फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात बसून रोज एकाला तरी तो ती सांगायचा. मी म्हनलंच व्हतं. माझं बिलकुल मन नव्हतं. पन भावाचं मन कसं मोडावं? कथा महिन्या-महिन्याला वाढत गेली. शेवटी शेवटी तर तो म्हणायचा, “इमानं काहून पडतेत? ह्याच्याचमुळं!” बेबीनंदा तिथून जाताना दिसली की हाक मारायचा, “बेबे, इकडं ये. दाव ह्यांना हनुवटी.” आणि ती दाखवायची. ज्याची मान खाली जाऊ नये म्हणून ती खोटं बोलली, तो तीच मान ताठ करून चारचौघांत मिरवत होता. तिला रडूही यायचं आणि त्याचा गळा धरावा असंही वाटायचं.

उन्हाळ्यात देवानंद सर घरी आले. हाड जुळलं होतं. डिसेंबरात परत निवड होती. “साधं हँडल टाकू,” सर म्हणाले, “लोखंडाचं. पोरगी दुसरी होती भुजंगराव, निम्मा डोंगर तर तिनं जिंकलाच होता.”

“बस झालं सर,” भुजंग म्हणाला. “सायकलीचं नाव आता ह्या घरात न्हाई. टेंभुर्णीचे लोक ऐतवारी येऊन राह्यले.”

सर गेल्यावर बेबीनंदा मोसंबीच्या बागेत बापामागं गेली. तो झाडाला आळं करत होता.

“बाबा, तुमीच म्हनता ना, कार्बननं घात केला म्हनून? मंग लोखंडाचं बसवलं तर काय अडचन हाय?”

“न्हाई म्हनलं ना.”

“काहून पन?”

तो माती ओढत राहिला. मग तिच्यानं राहवलं नाही. सहा-सात महिने दाताखाली धरलेलं एकदाचं सुटलं. “बाबा, ते हँडल काकाच्या मालामुळं न्हाई मोडलं. खंडे नवमीला तुमी नारळ फोडला, तव्हाच ते गेलं व्हतं. मी बोलले न्हाई, तुमाला वाईट वाटंल म्हनून.”

भुजंगचं फावडं थांबलं. तिला वाटलं, आता हा खाली बसणार. आता हा रडणार. आपण उगीच बोललो, असंसुद्धा तिला वाटलं.

“माहीत हाय मला,” तो म्हणाला.

“काय?”

“नारळ घातला तव्हाच हाताला कळलं. लोखंडानं हात झिणझिणतो, तसा झिणझिणला न्हाई. बद्री तुला सांगून राह्यला व्हता ओसरीवर, ते बी ऐकलं व्हतं मी.”

“अन् मंग मला बसू कसं दिलं त्याच्यावर?”

“तू पुसून बघितलं ना? तू म्हनली, काय न्हाई. म्हनलं, पोरीला बद्रीनं शिकवलंय, तिला कळतंय. ती गप हाय तर असंल बराबर. अन् मी तरी काय म्हनायचं व्हतं? बद्रीला फोन करून सांगू, का भुजंगनं फोडलं?”

 इतका राग बेबीनंदाला जन्मात कोणाचा आला नव्हता. पण निवड डोळ्यांपुढं होती, म्हणून तिनं तोही गिळला. “ठीक हाय बाबा. मी कोनालाच सांगनार न्हाई. काकाला न्हाई, आईला न्हाई. जन्मभर सांगनार न्हाई. फकस्त मला डिसेंबरात जाऊ द्या.”

भुजंगनं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडं बघितलं. डोळे भरलेले होते त्याचे, खोटं कशाला सांगा.

“अन् लोखंडावर बी पडलीस तर?” तो म्हणाला. “मंग मी लोकांला काय सांगू?”

त्यानं परत फावडं उचललं.

रविवारी टेंभुर्णीचे लोक आले. पोहे व्हायच्या आतच भुजंगनं त्यांना हँडलची कथा सांगायला घेतली. भाऊ, पुणं, इमान, तुराटी, सगळं. बेबीनंदा डोक्यावर पदर घेऊन चहाचा ट्रे घेऊन आली. मुलाच्या बापानं तिच्या हनुवटीवरचा वण बघितला आणि मायेनंच विचारलं, “व्हय का गं पोरी? लई लागलं का?”

भुजंग कप हातात धरून तिच्याकडं बघत होता.

“हो,” बेबीनंदा म्हणाली. “बाबा पहिल्यापासून न्हाई म्हनत व्हते. मीच ऐकलं न्हाई.”